परदेशात डायव्हिंगला जायचंय? मग विमानाचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहता, दोघांचंही वय चाळिशीच्या आसपास, गेल्या वर्षी मालवणला स्कुबा केलंत आणि तेव्हापासून डोक्यात समुद्रच आहे. आता दिवाळीच्या सुटीत अकरा वर्षांचा मुलगा आणि आई यांना घेऊन सहा दिवस परदेशात जायचं आहे. थायलंडचं कोह ताओ की मालदीव, एवढंच ठरत नाहीये, आणि विमानाचे दर रोज चढताहेत म्हणून याच आठवड्यात तिकिटं काढून टाकू का, असं विचारलंय. जाता जाता एक ओळ लिहिली आहे की लहानपणी तुम्हाला दमा होता, आता हवा बदलली की कधीतरी पंप घ्यावा लागतो, बाकी काही नाही.

मी नेरूळला राहते, बरीच वर्षं डायव्हिंग शिकवते, आणि ठाणे-नवी मुंबईकडच्या अनेक कुटुंबांना अशा सहलींची आखणी करून दिली आहे. माझं उत्तर असं की तिकीट आत्ता काढू नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती पंपाची आहे. बेत तिथून सुरू होतो. आधी शरीर, मग शिक्षण, मग समुद्राचा मोसम, मग परतीच्या आधीचा कोरडा, म्हणजे डाइव्ह न करण्याचा, दिवस, आणि हे सगळं जुळलं की तिकीट. उलट्या बाजूने सुरुवात केली की तिकिटाच्या तारखा सांभाळण्यासाठी बाकीच्या गोष्टींशी तडजोड होत जाते, आणि पाण्याखाली त्यातली एकही तडजोड चालत नाही.

दम्याचं आधी बोलू. कोणत्याही नीट चालणाऱ्या डाइव्ह सेंटरवर पाण्यात उतरण्यापूर्वी आरोग्याचा एक छापील फॉर्म भरून घेतात. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात: फुप्फुसं आणि हृदय, कान-नाक-सायनस, गेल्या वर्षभरातली शस्त्रक्रिया, वयाची पंचेचाळिशी, चालू असलेली औषधं वगैरे. काही प्रश्नांना ‘हो’ म्हटलं की थेट डॉक्टरांची सही लागते. डॉक्टरांनी लिहून दिलेला पंप हे चालू औषधच आहे, त्यामुळे तुम्हाला सही लागणार. वहिनींना रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्यांनाही. हा फॉर्म इंटरनेटवर मिळतो. त्याची सगळी पानं छापा आणि ठाण्यातल्याच एखाद्या छातीच्या डॉक्टरांकडे न्या. श्वासाची चाचणी साधी बसून नको, थोडा व्यायाम करून झाल्यावरची मागा. सोबत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनाही दोघांनी दाखवून घ्या. नाकाचं हाड वाकडं असेल किंवा सायनस सारखा भरत असेल तर ते इथेच कळलेलं बरं.

मी यावर एवढी अडून का बसते ते सांगते. पाण्याखाली दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि सिलिंडरमधून तुम्हाला मिळणारी हवाही तेवढ्याच दाबाची असते. वर येताना हीच हवा फुगते, आणि दहा मीटरवरून वर येईपर्यंत दुप्पट होते. निरोगी माणूस सतत श्वास घेत-सोडत राहिला की ती सहज बाहेर पडते. दम्यात बारीक श्वासनळ्या आवळल्या गेल्या तर हवा आत अडकते, आणि अडकलेली हवा फुप्फुसाला इजा करू शकते. शिवाय सिलिंडरमधली हवा कोरडी आणि गार, त्यात खाऱ्या पाण्याचे तुषार. दोन्हींनी श्वासनळ्या आवळायची शक्यता वाढते. दमा असलेली कितीतरी माणसं डॉक्टरांच्या परवानगीने छान डायव्हिंग करतात. फॉर्मवर खोटं ‘नाही’ लिहिणाऱ्याला मात्र मी पाण्यात नेत नाही, मग तो कितीही जवळचा असो. आणि डॉक्टर ‘नको’ म्हणाले तर पाण्याच्या वरून, मास्क आणि श्वासाची नळी लावून, स्नॉर्केलिंग करत तुम्ही कासवं आणि मांटा (पंखांसारखे कल्ले असलेला मोठा चपटा मासा) दोन्ही बघू शकता. मालदीवच्या बा अटॉलमधल्या (अटॉल म्हणजे कड्यासारखा गोल प्रवाळबेटांचा समूह) हनिफारू बे इथे शेकड्यांनी मांटा जमतात, आणि तिथे डायव्हिंगला बंदीच आहे, सगळे स्नॉर्केलिंगच करतात.

आता मालवणच्या अनुभवाबद्दल. तुम्ही तिथे जे केलंत त्यात प्रशिक्षक तुमच्या सिलिंडरला धरून तुम्हाला फिरवत होता. वर-खाली कधी जायचं, हवा किती उरली, दिशा कोणती, हे सगळं तो बघत होता. समुद्राची भीती घालवायला याहून चांगली सुरुवात नाही. पण परदेशातलं डाइव्ह सेंटर तुम्हाला नवशिकेच धरणार. मग तुमच्यापुढे दोन रस्ते. एक, तिथेही असाच ‘ट्राय डाइव्ह’ करायचा, ज्याची मर्यादा बारा मीटर, प्रशिक्षक कायम सोबत. दुसरा, ‘ओपन वॉटर डायव्हर’चं प्रमाणपत्र घ्यायचं, ज्यावर अठरा मीटरपर्यंत जगात कुठेही जोडीदारासोबत उतरता येतं. विमानाचा खर्च करून जाणार असाल तर मी दुसराच रस्ता सांगेन.

या कोर्सचे तीन भाग असतात. अभ्यास, जो घरी बसून ऑनलाइन होतो. मग तलावातली कौशल्यं: मास्कमध्ये शिरलेलं पाणी नाकाने फुंकून काढणं, तोंडातून सुटलेला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा तोंडात देणारं साधन, शोधून परत लावणं, जोडीदाराच्या सिलिंडरवरून श्वास घेणं. आणि शेवटी समुद्रातले चार डाइव्ह. सहा दिवसांच्या सहलीत हे तीनही भाग तिकडेच करायचे म्हटलं तर निम्मी सुटी वर्गात आणि तलावात जाते, आणि आई बिचाऱ्या खोलीत बसून राहतात. म्हणून पहिले दोन भाग इथे उरका. मुंबई आणि नवी मुंबईत तलाव भाड्याने घेऊन शिकवणारे प्रशिक्षक आहेत. ते तुम्हाला ‘रेफरल’चा कागद देतात. तो बारा महिने चालतो आणि तो दाखवून समुद्रातले चार डाइव्ह कोणत्याही देशात करता येतात. दोन दिवसांचं काम.

पोहण्याचं विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. कोर्ससाठी २०० मीटर न थांबता पोहावं लागतं, वेळेची अट नाही, आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगावं लागतं. २५ मीटरच्या तलावात आठ फेऱ्या. घोडबंदर रोडवरच्या बहुतेक सोसायट्यांचे तलाव कमरेएवढे आणि वळणावळणाचे असतात, त्यात हा अंदाज येत नाही. मारोतराव शिंदे तरण तलावासारख्या ठिकाणी जाऊन खोल पाण्यात सराव करा. वेगाची गरज नाही. दमछाक न होता, श्वासाची लय न बिघडता आठ फेऱ्या झाल्या की पुरे.

आता मोसम, कारण तुमचा कोह ताओ की मालदीव हा प्रश्न खरं तर इथेच सुटतो. आपल्याकडे पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर, आणि दिवाळी म्हणजे कोरडी हवा. थायलंडच्या दोन किनाऱ्यांची गंमत अशी की दोघांचं पावसाळ्याचं गणित वेगळं आहे. पश्चिमेचा, म्हणजे फुकेत, क्राबी, सिमिलान बेटांचा अंदमान समुद्राचा किनारा आपल्यासारखाच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात भिजतो. सिमिलानचं राष्ट्रीय उद्यान साधारण १५ मे ते १५ ऑक्टोबर बंदच असतं. कोह ताओ मात्र पूर्वेला, थायलंडच्या आखातात. तिथे ईशान्य मोसमी वारे पाऊस आणतात, आणि नोव्हेंबर हा सगळ्यात वाईट महिना. म्हणजे दिवाळी नोव्हेंबरात आली तर कोह ताओला बोटी हलणार, पाणी गढूळ होणार, आणि चुंफोनहून किंवा कोह सामुईहून येणारी फेरी रद्द होण्याचीही शक्यता. तेच कोह ताओ मे महिन्यात शांत असतं, उन्हाळ्याच्या सुटीला अगदी जमणारं.

मलेशियाच्या पूर्व किनाऱ्याचंही तसंच. तिओमान आणि पेरहेंतियन ही बेटं मार्च-एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत सुंदर, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी बहुतांशी बंद. श्रीलंकेत तर एकाच बेटाला दोन मोसम: त्रिंकोमाली आणि बट्टिकलोआ मे ते सप्टेंबर, हिक्कडुवा आणि कोलंबो नोव्हेंबर ते एप्रिल. बालीला एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं असतं. तुलंबेनला किनाऱ्यावरून चालत जाऊन बुडालेलं अमेरिकी मालवाहू जहाज ‘लिबर्टी’ बघता येतं. १९४२ साली जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला, जखमी जहाज किनाऱ्याला ओढून आणलं, आणि १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते घसरून पाण्यात गेलं. नवशिक्यांना हे जहाज उथळ भागातून पाहता येतं. पण बालीजवळच्याच नुसा पेनिडा बेटाच्या नादी पहिल्या सहलीत लागू नका. पाणी एकदम गार होतं आणि ओढ अशी की अनुभवी माणूसही लक्ष ठेवून असतो.

मालदीवला ईशान्य मोसमात, साधारण डिसेंबर ते एप्रिल, पाणी सगळ्यात स्वच्छ असतं. दिवाळीत मोसम बदलत असतो. एखादा पावसाळी दिवस मिळेल, पण डायव्हिंग होतं. पाणी वर्षभर २७ ते ३० अंशांच्या दरम्यान, त्यामुळे तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे ऊब टिकवणारा रबरी पोशाख, पुरतो. मुंबईहून माले जेमतेम तीन तासांचं उड्डाण. आई सोबत आहेत म्हणून हाही मुद्दा मोठा आहे.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे. दिवाळीतच जायचं असेल तर मालदीव, नाहीतर फुकेत. फुकेतजवळचं राचा याई बेट नवशिक्यांना उत्तम. आणि मन कोह ताओवर बसलं असेल तर सहल मे महिन्यावर न्या. त्यात एक फायदा आहे. पावसाळ्यात अभ्यास आणि तलाव, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चार समुद्री डाइव्ह आपल्याच किनाऱ्यावर. तारकर्लीला एमटीडीसीची डायव्हिंगची संस्था आहे, तिथे खास खोल तलावही आहे. किंवा कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट, जिथे पाणी मालवणपेक्षा सहसा स्वच्छ असतं. तारकर्लीसाठी ठाणे किंवा पनवेलला रात्री कोकणकन्येत बसलात की सकाळी कुडाळ. मग मे महिन्यात हातात कार्ड घेऊन कोह ताओला उतरलात की पहिल्या दिवसापासून नुसते आनंदाचे डाइव्ह. मलाच निवडायचं असतं तर मी हेच निवडलं असतं. शिवाय कोह ताओ हे शिकणाऱ्यांचंच बेट आहे, दर कमी आहेत. तिथे पूर्ण कोर्ससुद्धा साधारण दहा-बारा हजार बाटमध्ये होतो.

मालदीव निवडलंत तर रिसॉर्टऐवजी स्थानिक लोकवस्तीचं बेट घ्या: माफुशी, किंवा व्हेल शार्कसाठी दक्षिण आरी अटॉलमधलं धिगुरा. गेस्ट हाऊस आणि डाइव्ह सेंटर चालत जाण्याच्या अंतरावर असतात, हे आईंसाठी महत्त्वाचं, कारण दुपारी तुम्ही परत खोलीवर. या बेटांवर दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा राखलेला असतो. दिवाळीची सहल म्हणून आणखी एक: मालदीवच्या सीमाशुल्काच्या यादीत पूजेच्या मूर्ती आणायला मनाई आहे. आईंच्या बॅगेतला बाळकृष्ण घरीच राहू दे, लक्ष्मीपूजन निघण्याआधी किंवा आल्यावर. आणि डाइव्ह सेंटरला सांगा की तुम्हाला अटॉलच्या आतले, लगूनमधले म्हणजे आतल्या शांत पाण्यातले, घराजवळचे रीफ (प्रवाळाचे खडक) हवेत. दोन अटॉलांमधल्या किंवा अटॉल आणि मोठ्या समुद्रामधल्या खिंडींना तिथे ‘कंडू’ म्हणतात. शार्क तिथेच जमतात, कारण ओढही तिथेच. ते पुढच्या खेपेला.

दिवसांची मांडणी करताना मागून पुढे या. खोलवर दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो, त्याला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमध्ये दाब आणखी कमी होतो, आणि शिल्लक नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर सांधे दुखणं, मुंग्या, चट्टे, कधी त्याहून गंभीर. सर्वमान्य सूचना अशी की एकच साधा डाइव्ह केला तर उड्डाणाआधी निदान १२ तास, आणि रोज अनेक डाइव्ह केले तर निदान १८ तास. मी सगळ्यांना सरळ २४ धरायला सांगते. मालदीवमध्ये सी-प्लेन घेणार असाल तर ते खालून उडतं म्हणून सूट नाही, नियम तोच. बालीत डाइव्ह करून त्याच दुपारी किंतामणीच्या डोंगरावर गाडीने चढणं हेही टाळायचं. मालवणहून परतताना आंबोलीमार्गे वर जाणाऱ्यांनाही मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघायला सांगते.

सहा दिवसांत मग काय बसतं? बहुतेक विमानं रात्री किंवा पहाटे. ज्या दिवशी पोचाल त्या दिवशी पाण्यात उतरू नका, फक्त कागदपत्रं, सामान बसवून बघणं, भरपूर पाणी पिणं आणि झोप. पुढचे तीन दिवस सकाळी दोन-दोन डाइव्ह, दुपार कुटुंबाची. पाचवा दिवस कोरडा: आई, बाजार, किनारा, स्नॉर्केलिंग चालेल. सहावा दिवस परतीचा. रेफरल घेऊन गेलात तर पहिल्या दोन दिवसांत कोर्सचे चार डाइव्ह, आणि तिसऱ्या दिवशी दोन मोकळे. एवढंच. याहून जास्त कोंबायचा मोह आवरा.

मुलासाठी: दहा वर्षांपासून ‘ज्युनियर ओपन वॉटर’ करता येतं. मात्र दहा-अकरा वयाला मर्यादा बारा मीटर, आणि सोबत प्रशिक्षक किंवा स्वतः प्रमाणपत्र असलेले आई-वडील हवेत. म्हणजे तुमच्यापैकी एकाचं कार्ड झालं तरच पुढे तो तुमच्यासोबत उतरू शकेल. त्याची हौस तुमच्याहून जास्त आहे का, हे आधी तलावात बघा. कानात दुखलं तर न लाजता सांगणारा मुलगा असेल तर घ्या. तुमचं मन राखायला ‘ठीक आहे’ म्हणणारा असेल तर एक वर्ष थांबा.

कानांवर दोन ओळी जास्त लिहिते, कारण पहिल्या सहलीत पाण्यातून परत फिरावं लागतं ते बहुतेकदा कानांमुळे. पहिले काही मीटर सगळ्यात अवघड, कारण दाबातला बदल तिथे प्रमाणात सर्वांत मोठा असतो. बोटीवरच, पाण्यात उतरायच्या आधी, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारा आणि दोन्ही कानांत ‘टक्’ झाल्याचं ऐका. मग दोरीला धरून, पाय खाली ठेवून उतरा, आणि दर हातभर खोलीला एकदा. दुखायची वाट बघायची नाही. एक कान उघडत नसेल तर खूण करा, अर्धा-एक मीटर वर या, थांबा, गिळा, परत फुंका. जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाकात औषध घालून उतरलात आणि खाली त्याचा असर संपला, तर वर येताना हवा आतच अडकते, आणि खालून वर येणं टाळता येत नाही. दिवाळीच्या आधी दोन आठवडे मुंबईची हवा जशी होते, त्यात घशाची काळजी आधीपासून घ्या. दम्यासाठीही तेच.

सामानात फक्त मास्क स्वतःचा घ्या. बाकी बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट), रेग्युलेटर, फिन्स (पायातली वल्ही), सूट भाड्याने. मास्क दुकानातच असा तपासा: पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. खाली पडला नाही तर तुमच्या चेहऱ्याचा. वरच्या ओठाकडून हवा शिरत असेल तर मिशी कातरावी लागेल, नाकाखालची एक पट्टी पुरते. नव्या काचेवर कारखान्यातला थर असतो. पांढरी टूथपेस्ट, जेल नव्हे, आतून बोटाने चोळून धुवा, तीन-चार वेळा. नाहीतर सगळं धुरकट दिसतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो. डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र, विकत नाही घेतलात तरी प्रत्येकाला वेगळा मिळेल याची सेंटरकडून लेखी खात्री घ्या. दोघांत एक चालत नाही, कारण दोघांची खोली आणि वेळ कधीच तंतोतंत सारखी नसते.

सेंटर निवडताना दरापेक्षा उत्तरं बघा. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी? कोर्सला आठांपर्यंत परवानगी असली तरी मी चाराच्या वर जाऊ नका म्हणेन. बोटीवर ऑक्सिजनची पेटी आहे का? जवळचं रिकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर दाबाखाली उपचार करायची खोली, कुठे? हे विचारल्यावर जो गोंधळतो किंवा हसतो, त्याला पैसे पाठवू नका. तिथे गेल्यावर आणखी एक तपासणी स्वतः करा. सिलिंडर जोडला की हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजकडे बघत रेग्युलेटरमधून चार श्वास घ्या. काटा २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास स्थिर हवा. प्रत्येक श्वासाला खाली जाऊन परत वर येत असेल तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हवेला तेलाचा किंवा कसलाही वास आला तर तो सिलिंडर परत द्या. पाण्यात १०० बारला परतीचं वळण आणि ५० बार हातात ठेवून वर. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा.

विमा घेताना घाई करू नका. साध्या प्रवास विम्यात ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात किंवा खोलीची मर्यादा घातलेली असते. पॉलिसीच्या वगळलेल्या गोष्टींचं पान स्वतः वाचा. चेंबरमधले उपचार आणि बेटावरून आणीबाणीत हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते बघा. नसेल तर डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही १९८० साली अमेरिकेत सुरू झालेली संस्था खास डायव्हर्ससाठी विमा आणि आणीबाणीची हेल्पलाइन चालवते. तो क्रमांक घरी ठाण्यात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाकडेही देऊन ठेवा. परत आल्यावर एक-दोन दिवसांत सांधे दुखले, हात-पाय बधिर झाले, विचित्र थकवा आला, तर फॅमिली डॉक्टरांना पहिलं वाक्य सांगा: ‘मी डायव्हिंग करून आलोय.’ हे न सांगितल्यामुळे उगीच वेळ जातो.

कागदपत्रांचं फार लांबवत नाही. पासपोर्ट परतीनंतरही सहा महिने चालू हवा, मुलाचा आधी तपासा, कारण लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांतच संपतो. मालदीव भारतीयांना पोचल्यावर तीस दिवसांचा व्हिसा मोफत देतं, पण निघण्याआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते. थायलंडला १ मे २०२५ पासून पोचण्याआधी डिजिटल आगमन पत्र भरावं लागतं. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा. सहलीचं पूर्ण पॅकेज एखाद्या कंपनीकडून घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा होणारा कर, कापला जातो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पावती जपा. आणि तिकिटावर विमानतळ नीट वाचा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे उलव्याचा नवी मुंबई विमानतळ, जिथून डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली. कासारवडवलीहून पहाटे निघताना दोन्हींचे रस्ते आणि वेळा पूर्ण वेगळ्या.

टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सुरी असेल तर चेक-इनमध्ये. थायलंडच्या सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोनसारखी रसायनं असलेली सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहेत. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घेतलात तर प्रश्नच मिटतो. आणि मुलाला आधीच सांगून ठेवा की प्रवाळाचा तुकडा खिशात घालायचा नाही. तिथेही गुन्हा आणि आपल्या वन्यजीव कायद्यातही प्रवाळ पहिल्या अनुसूचीत.

आई शाकाहारी असतील तर मालदीवच्या नाश्त्याला टूना असतो, मस हुनी. गेस्ट हाऊसला आधी कळवलं की रोशी (तिथली पोळी) आणि अंडी किंवा डाळ देतात. थायलंडमध्ये ‘जे’ म्हटलं की माशाचा सॉसही घालत नाहीत. बोट लागत असेल तर त्यावरची गोळी निघायच्या आधी घ्यावी लागते, आणि तिने झोप येते, म्हणून कोणती घ्यायची ते त्याच छातीच्या डॉक्टरांना विचारा. डाइव्हच्या सकाळी केळं, टोस्ट, चहा एवढं पुरे.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात: डॉक्टरांनी फॉर्मवर काय लिहिलं ते, मुलाचा जन्ममहिना, आणि दिवाळी की मे. फॉर्मवर सही झाली की तलावाचा शनिवार-रविवार ठरवू. तारखा आणि सेंटर त्यानंतर, आणि तिकीट त्याच संध्याकाळी काढा.